नाना आणि मुंबईचा सर्व्हर

मेल येत असली की नाना फडके कॉम्प्युटरकडे पाठ करून बसायचे. “बघितलं की शिंचा मुद्दाम अडतो,” म्हणायचे.

रत्नागिरीतली आमची आंबे पाठवणारी पेढी. नाना हेडक्लार्क, मी गोदामाचा मुकादम. शाळा मला फारशी लाभली नाही, पण लबाडी लगेच ओळखतो. आणि मुंबईच्या हपिसाने गळ्यात मारलेली ही मेल अस्सल लबाड. त्यात नानांचा हट्ट, मेलवरची ऑर्डर कागदावर छापून आल्याशिवाय ट्रक सुटणार नाही. “तोंडी ऑर्डर म्हणजे वाऱ्यावरची वरात!”

त्या वैशाखात मेल अर्ध्यावर यायची, लाईन तुटायची, परत पहिल्यापासून. खाली गोदामात आंबा घमघमायला लागला. मी तडक वर गेलो.

“नाना, ट्रक सोडा. आंबा काय तुमच्या मेलसाठी कच्चा राहणाराय?”

“माझ्यावर कसले डाफरता, मुकादम? त्या सर्व्हरवर डाफरा!”

नानांना ऐकू कमी, म्हणून फोनचा स्पीकर कायम चालू. मुंबई लागताच सुरू झाले, “अहो, सर्व्हर आहे की मारकी म्हैस? दारातच आडवा बसलाय!”

पलीकडचा पोरगा शांत. “काका, पुढे एक मोठी मेल अडकलीय. मागच्या सगळ्या तिच्यामुळे खोळंबल्यात. फोटो आहे, कुणी सुहास फडकेंनी पाठवलाय. उडवू? लगेच मोकळं होईल.”

माझं टाळकंच फिरलं. आमचा पोस्टमन उशिरा यायचा, कबूल. पण एक पाकीट जाड आहे म्हणून सगळं टपाल घेऊन नाक्यावर बसला नाही कधी! “उडव रे!” मी ओरडलो.

“नको,” नाना म्हणाले. इतकं हळू, की पोराने परत विचारलं.

सुहास नानांचा एकुलता मुलगा. बापाशी भांडून परदेशी गेला, त्यानंतर एक ओळ नाही. नाना त्याचं नाव काढत नसत, आम्हीही नाही.

“ऑर्डरी तोंडी सांग बाळा,” नाना म्हणाले, “मी लिहून घेतो.”

तोंडी! नाना फडके!

ट्रक सुटले. मग नाना ती मेल उतरवायला बसले. पेढीची फोनची लाईन एकच, मेलही तिच्यावरूनच यायची. गोदामातला फोन कुणी उचलला तरी तुटायची. मी खाली आलो, त्या फोनला खुर्ची लावली आणि बसलो.

एक ड्रायव्हर आला. “मुकादम, घराकडे जरा फोन लावतो—”

“हात लावून बघ,” म्हटलं, “तोडून ठेवीन.”