दगडांची आरोग्य योजना

एका जंगलात, बाळांनो, आजारी पडायची चोरी होती. कुठलं जंगल ते विचारू नका. मला अजून तिथेच राहायचं आहे.

तिथे वैद्य एकच, अस्वलराव. हाताला गुण होता, पण मधाचं पोळं समोर आल्याशिवाय ते कोणाची नाडी धरत नसत. ज्याच्याकडे पोळं, तो बरा व्हायचा. बाकीचे कण्हत पडायचे.

हे कळल्यावर सिंहमहाराजांना गहिवरून आलं. त्यांनी दवंडी पिटवली. "प्रत्येकाने आपल्या खाण्यातला दहावा हिस्सा राजभांडारात द्यावा. वैद्यांचं पोळं भांडारातून जाईल. यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला उपचार फुकट. एकही प्राणी सुटता कामा नये!"

योजना खरंच चांगली होती हो. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. माकडांनी बोरं दिली, हरणांनी गवत दिलं. महाराजांनी आपला हिस्सा म्हणून हरणाची एक तंगडी दिली. म्हणजे हरणांनी दोनदा दिलं, पण चांगल्या कामात असं बघू नये.

यादी करायला निघाले प्रधान कोल्होपंत. भांडारही त्यांच्याच गुहेत होतं. बाहेर ठेवलं तर चोरीला जाईल ना!

ओढ्याकाठी खवलीबाई राहायची. ती होती खवले मांजर. अंगभर टणक खवले, वारूळ उकरून मुंग्या खायच्या आणि कोणी परकं दिसलं की अंगाचा गोळा करून निपचित पडायचं, हा तिच्या घराण्याचा रिवाज. कोल्होपंत दिसताच तिने रिवाज पाळला.

पंत दमले होते. ते तिच्यावरच टेकले आणि तिथेच त्यांनी नोंद केली, 'ओढ्याकाठी प्राणी नाही. दगड एक. बसायला बरा.'

आठवड्याने दवंडी झाली, "शंभर टक्के प्राणी योजनेत आले हो!" महाराजांनी स्वतःचाच सत्कार करून घेतला.

पुढे एकदा वारूळ उकरताना खवलीबाईचं नख मुळापासून उखडलं. पंजा सुजला, जखम चिघळली. पंजा नाही तर वारूळ नाही, वारूळ नाही तर पोटाला काही नाही. तीन पायांवर लंगडत बिचारी दरबारात गेली.

कोल्होपंतांनी यादी चाळली. "बाई, तुम्ही दगड आहात."

"अहो, मी बोलतेय की तुमच्याशी!"

"बोलताय खरं. पण यादीत दगडच आहात."

"मग करा की दुरुस्त!"

पंतांनी कपाळावर हात मारला. "दुरुस्त केलं तर एक प्राणी सुटला होता असं होईल. शंभर टक्क्यांचं काय? महाराजांच्या सत्काराचं काय? तो परत करायचा?"

खवलीबाई तिथेच मटकन बसली आणि रडू लागली. महाराजांना पुन्हा गहिवरून आलं. त्यांना ती सवयच होती.

"पंत, काहीतरी करा."

"सोपं आहे, महाराज. दगडांनाही योजनेत घेऊ. असं कुठल्याच जंगलात झालेलं नाही!"

झालं. दगडांना काय उपचार द्यायचे, यावर समिती बसली. समितीने ठरवलं, दगडाला शेंदूर लावतात. पंतांनी खवलीबाईला नखशिखान्त शेंदूर फासला, चिघळलेल्या पंजालाही.

"अहो, आग होतेय!" ती ओरडली.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, बाई," पंत म्हणाले आणि दुसऱ्या दगडाकडे वळले.

इकडे दवाखान्यात वेगळीच तऱ्हा. भांडारातून चार महिने पोळं आलं नव्हतं. अस्वलरावांनी दार लावून घेतलं. रोग्यांनी जायचं कुठे? ओढ्याकाठी एक शेंदरी देव दिसला. झालं, नवस सुरू झाले. कोणी फळं ठेवली, कोणी कंद. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याने पान वाहिलं. पावलं वाजली की खवलीबाई गोळा व्हायची आणि आतल्या आत कण्हायची.

शेवटी उपाशी अस्वलराव स्वतःच नवसाला आले. "देवा, चार महिन्यांची थकलेली मधाची पोळी मिळू दे," म्हणून त्यांनी डोकं टेकलं.

"अस्वलदादा, आधी माझा पंजा बघा हो," देव म्हणाला.

अस्वलराव घाबरून मागे सरले. मग त्यांनी वास घेतला. तो वास त्यांच्या ओळखीचा होता. "अगं, यात पू झालाय! इतके दिवस कोणाला दाखवलं का नाहीस?"

"दाखवलं की. त्यांनी शेंदूर लावला."

अस्वलरावांनी जखम धुतली, पाला चोळून बांधला. खवलीबाईने समोरची फळं त्यांच्याकडे सरकवली. "मला कुठे चालतात? मी मुंग्या खाणारी. यांच्यावर चढतात तेवढ्या चाटून जगतेय."

त्या दिवसापासून अस्वलराव देवामागेच बसू लागले. ज्याला जे जमेल ते त्याने पुढे ठेवायचं आणि दुखणं मागे जाऊन सांगायचं. पान वाहणाऱ्याचीही नाडी ते धरू लागले. महिन्याभरात खवलीबाईने पहिलं वारूळ फोडलं आणि आनंदाने पुन्हा रडली.

कोल्होपंतांनी दरबारात अहवाल वाचला, "महाराज, दवाखान्याकडे आता कोणी फिरकतही नाही. जंगलात आजारी उरलंय कोण?"

महाराजांना गहिवरून आलं. त्यांनी हिस्सा दहाव्याचा पाचवा केला.

तात्पर्य : सरकारी योजनेत आपलं नाव नक्की घालावं. पण बरं व्हायचं असेल, तर ते दगडांच्या यादीत घालावं.