सत्तार कुठून मोजतो

"वैनी, तुम्ही कोणीकडून सुरू केलं?" सत्तारनं टेबलाखालून विचारलं.

"डावीकडून. अजून कोणीकडून करतेत?"

टेबलाखाली बॅटरीचा उजेड एका जागी थांबला. मग सत्तार रांगत बाहेर आला, चष्मा नाकावर वाकडा तसाच ठेवला आणि कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली.

"आमच्या शाळेत उजवीकडून शिकवलं," तो म्हणाला. "भरली डिस्क तुम्ही दुसरी देल्ली. कोरी डिस्क पहिली देल्ली. पाच मिनिटं झाले, मशीन भरल्यावर कोरं उतरवून राह्यली."

"शेवंताच्या नवऱ्याचा फोटो?"

"त्यातच होता."

शेवंता तो फोटो न्यायला बाजाराच्या दिवशी येणार होती. बाजार परवा होता. तिच्या नवऱ्याचा जगात दुसरा फोटो नव्हता.

आता ही गोष्ट समजायची तर सत्तार समजायला पाहिजे, आणि ते काम सोपं नाही.

घाटंजीत माझी पिठाची चक्की आणि सत्तारचं दुकान यांच्यात एक भिंत आहे. अर्धी विटांची, वर पत्रा. पंचवीस वर्षं मी त्याची बडबड ऐकते आणि तो माझी चक्की ऐकतो. जास्त त्रास कोणाला झाला यावर आमचं अजून एकमत नाही. आधी तो पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा, मग रेडिओ, मग टीव्ही. पुढे त्यानं एक कॉम्प्युटर आणला आणि तेव्हापासून तो कामातून गेला. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुली पुसदला दिल्या होत्या, त्यामुळे त्याला अडवणारं कोणी नव्हतं. मी अडवायचा प्रयत्न केला. मी चौथी शिकलेली, माझं कोण ऐकतं.

दुकानाच्या दाराला त्यानं सायकलचा पंप टांगला होता. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत ज्याच्या त्याच्या अंगावर रुई असते, केसात, भुवईत, मिशीत. ती मशीनच्या पंख्यात जाते असं सत्तारचं म्हणणं. म्हणून आलेल्या माणसाला तो उंबऱ्याबाहेर थांबवी. "हात वर करा." मग डोक्यापासून पायापर्यंत पंपानं हवा मारी. एकदा ग्रामसेवक आले. तेही हात वर करून उभे.

"अरे सत्तार, मी कापूस नाही वेचत!"

"तुमच्या बाजूले बसनारे तर वेचतेत ना, साहेब. फिरा."

मला दोनदा हवा बसे, कारण माझ्या अंगावर पीठ.

त्याच्या कॉम्प्युटरमध्ये दोन कारभार होते. एका बाजूला मराठी टायपिंग चाले आणि फोटोचं काम. दुसऱ्या बाजूला उर्दू नीट उमटे. ती बाजू कुठल्याशा मासिकासोबत फुकट मिळालेल्या सीडीतून निघाली होती. दोन्ही बाजू एकदम चालत नसत. मशीन सुरू केली की पडद्यावर दोन नावं येत आणि खाली दहा, नऊ, आठ असे उलटे आकडे पडत. तेवढ्यात एक निवडायची. सत्तार त्याला दोन चुलींचं घर म्हणे. रोज सकाळी हाताची घडी घालून मशीनसमोर उभा राही आणि विचारी, "बोल बापा, आज कोनाच्या हातचं खातं?" ते दहा आकडे संपेपर्यंत दुकानात कोणी खोकायचंही नाही.

लोक म्हणत, एक बाजू काढून टाक, मशीन हलकी होईल. तो म्हणे, "तुमच्या घरी दोन भाऊ हायेत. एक काढून टाकू काय?"

ती कापसाची वाईट वर्षं होती. वेचलेल्या कापसाला भाव नव्हता, आणि कचेरीतून मात्र रोज नवा अर्ज निघे. प्रत्येक अर्जाला फोटो. लग्नातसुद्धा फोटो न काढलेली माणसं सत्तारच्या निळ्या पडद्यापुढे स्टुलावर येऊन बसत, मांडीवर दोन्ही हात ठेवून, दात उपटायला आल्यासारखी. सत्तार कॅमेरा उचली आणि म्हणे, "हलू नका. सरकार पाहून राह्यलं." त्यामुळे आमच्या भागातल्या सगळ्या फोटोंत माणसं घाबरलेली आहेत.

काढलेला फोटो तो कधी पुसत नसे. आणि दुकान बंद करायच्या आधी मशीन बंद करून पुन्हा सुरू करी, उर्दू चुलीवर, आणि अर्धा तास टकटक करत बसे. मी एकदा भिंतीवरून विचारलं, "काय लिहितं रे रोज?"

"माह्यं माह्यं," तो म्हणाला. मग मीही विचारलं नाही.

रामधन हा शेवंताचा नवरा. तांड्यावर त्याची चार एकर कोरडवाहू होती. शेतात भागेना म्हणून तो कापसाच्या ट्रकवर हमाली करायचा, आणि एक दिवस भरलेल्या ट्रकवरून खाली पडला. डॉक्टरपर्यंत पोचला नाही. तेव्हा शेवंताला सातवा महिना होता. पुढे मुलगी झाली, ती चालायला लागली, तेव्हा शेवंता माझ्या चक्कीवर आली. ज्वारीचं गाठोडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "याडी, माह्या मानसानं इथं अर्जाचा फोटो काढलता. तो असन काय? पोरगी उद्या विचारन, बाप कसा होता. मी कसा सांगू, तोंडानं?" याडी म्हणजे तांड्याच्या बोलीत आई. मी कोणाची याडी नाही, पण ती सगळ्या म्हाताऱ्यांना तसंच म्हणते.

अर्जावर चिकटवलेले फोटो अर्जाबरोबर गेले होते, आणि कचेरीत गेलेला कागद परत आल्याचं मी पाहिलेलं नाही. पण सत्तार भिंतीपलीकडून ओरडला, "हाय! मोठा करून देतो. बाजाराच्या दिवशी या."

त्याच आठवड्यात त्याची फोटोवाली डिस्क कटकट वाजायला लागली. डिस्क म्हणजे मशीनच्या पोटातला पत्र्याचा डबा, सगळं त्यात राहतं. सत्तारच्या मशीनला दोन होत्या, प्रत्येक चुलीला एक, आणि दोन्ही म्हाताऱ्या. मी म्हटलं, आधी रामधनचा फोटो छापून घे. तो म्हणाला, "फोटो उघडता उघडता मेली तं? आधी घर बदलतो, मंग फोटो." यवतमाळला जाऊन त्यानं दोन नव्या डिस्का आणल्या. एसटीत पूर्ण रस्ता मांडीवर घेऊन बसला. कंडक्टर म्हणाला, पिशवी वर ठेवा. हा म्हणाला, "यात दोन कुटुंब राहाले जानार हायेत, वर कशे ठेवू?" कंडक्टरनं पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवून याच्यापासून लांब बसवलं.

कामाच्या दिवशी त्यानं मला बोलावलं. पंपानं हवा मारली, हात धुवायला लावले. धूळ बसू नये म्हणून जुनी आणि नवी डिस्क एकाच जुन्या लुंगीच्या तुकड्यांत गुंडाळली होती, दोन्हींची फक्त वायर लागते ती शेपटाकडची बाजू उघडी. वर चिठ्ठ्या, उर्दूत. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून तो वायरी जोडायला खाली शिरला. पहिलीतलं दुसरीत उतरणार होतं. "वैनी, पहिली द्या." मी पहिली दिली. "आता दुसरी." मी दुसरी दिली. चिठ्ठ्या न पाहता त्यानं दोन्ही जोडल्या. पुढचं सांगितलंच आहे.

चूक माझी होती असं गावात झालं. अर्धी होती. उजवीकडून मोजणाऱ्या माणसानं तसं सांगायला पाहिजे.

शेवंता आली तेव्हा सत्तार वायरीच गुंडाळत बसला. मग मीच सांगितलं, "फोटो गेला. माझ्या हातून गेला." ती स्टुलावर बसली. तिला कशाचाही धक्का बसल्यासारखं दिसलं नाही. गेलेल्या गोष्टींची तिला सवय होती. एवढंच म्हणाली, "मंग आता?"

"मले पंधरा दिवस द्या," सत्तार म्हणाला.

ते दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मशीनशी मात्र बोले, मला ऐकू जाईल अशा आवाजात. "तुले डावं-उजवं समजते रे राजा. काही लोकायले म्हातारपनीही नाही समजत."

मी चक्की थांबवून ओरडे, "चिठ्ठी मराठीत लिहायला बोटं झिजली होती काय रे?"

"मराठीत लिहिली असती तं चश्मा कुठं होता तुमच्याजवळ?"

हे खरं होतं, म्हणून मी चक्की पुन्हा सुरू केली.

उर्दूवाली डिस्क वाचली होती, तिची पाळीच आली नव्हती. त्या बाजूनं मशीन चालवून तो पुसलेल्या डिस्कमधलं उरलंसुरलं खरवडून काढत होता. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तो वळूनही पाहत नसे. पंप खिळ्यावर तसाच लटकलेला. लोक रुईसकट आत येऊन जात. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

बाराव्या दिवशी भिंतीवर टकटक झाली. "वैनी. या."

पडद्यावर चेहऱ्यांचे तुकडे होते. बरेचसे अर्धे, वरून खाली कापल्यासारखे नाही, आडवे. वरचं कपाळ आहे आणि खाली नुसता राखाडी रंग. कोणाची टोपी, कोणाचं कुंकू, कोणाचे डोळे. शेकडो असतील. नाव एकालाही नाही.

"यातला कोणता रामधन?" मी विचारलं.

"तेच पाहून राह्यलो. यादीवरून." त्यानं दुसरी खिडकी उघडली. उर्दूच्या ओळीच ओळी.

"नावं आहेत काय ही?"

"नावं हायेत." त्यानं ओळी खाली सरकवल्या. "अजूनही हाय थोडं."

"वाच."

त्याला वाचायचं नव्हतं. मी स्टूल ओढून बसले, तेव्हा त्यानं ओळखलं की मी उठत नाही. मग वाचायला लागला, खाली मान घालून. मुकुटबनचा म्हातारा, कोट जावयाचा, बाह्या लांब म्हणून आत दुमडून दिल्या. शिवणकाम करणारी बाई, एका कानात रिकामं, पदर कानावरून घ्यायला सांगितला. तिघं भाऊ, सदरा एकच, एकानं काढून दुसऱ्याला दिला, तिसऱ्याच्या वेळी घामानं भिजला होता, पंख्याखाली वाळवला. अशा ओळी. चार वर्षांच्या.

"हे कायले लिहून ठेवलं?"

"पहिले घरी जाऊन तिले सांगत होतो," तो म्हणाला. "आज असा आलता, आज तशी आलती. ती भाकरी टाकता टाकता ऐके. ती गेली, मंग सांगाव कोनाले?" मग चष्मा पुसत म्हणाला, "तिले उर्दूच वाचता येत होतं."

"पुढचं वाच," मी म्हटलं.

शेवंता पंधराव्या दिवशी आली, मुलीला कडेवर घेऊन. सत्तारनं एक तुकडा मोठा करून पडद्यावर ठेवला. ओठांच्या वरपर्यंत चेहरा होता, खाली राखाडी. शेवंतानं जवळ जाऊन पाहिलं, मागे येऊन पाहिलं.

"हा तो नाही," ती म्हणाली. "ह्याचा भांग इकडून हाय. त्याचा तिकडून राहे."

सत्तारचा चेहरा उतरला. त्यानं यादी उघडली, बोट ठेवलं आणि एकेक शब्द मराठीत करत वाचलं. "रामधन, तांडा. वाऱ्यातून आला, केस उभे. माझ्या कंगव्यानं मी विंचरले. समोर उभा राहून विंचरले म्हणून भांग उलट्या बाजूला पडला. त्याला समजलं होतं, पण म्हणाला काही नाही. जाताना काचेत पाहिलं आणि तसाच गेला."

शेवंतानं मुलीला खाली ठेवलं.

"तसाच घरी आलता," ती म्हणाली. "मी लय हासली. म्हनलं, हे कोन केलं तुह्या डोक्याचं? तं सांगेच ना. म्हने, राहू दे, कोनीतरी मायेनं केलं." मग तिनं सत्तारकडे पाहिलं. "तुमी होते काय ते?"

सत्तार मशीनच्या मागे वायर तपासायला गेला. वायर ठीक होती.

फोटो त्यानं तेवढाच छापला, राखाडी भाग कापून. शेवंतानं तो ओच्यात बांधून नेला. तिच्या मुलीनं बापाचं तोंड पाहिलेलं नाही, डोळे पाहिले आहेत. त्या दिवशी दुकानात आम्ही तिघं मोठी माणसं आणि ती मुलगी होतो. चौघंही अजून आहोत. मुलगी आता आठवीत आहे, शेवंता तांड्यावर चार एकर करते, सत्तार भिंतीच्या तिकडे आहे आणि मी इकडे.