तोफेची पाठ आणि समितीचा पाय

मैदानाच्या फाटकाशी पुतळा बसवण्याचे काम निर्विघ्नपणे पार पडले होते. अडचण एवढीच झाली की ज्याचा पुतळा होता तो फुटबॉलपटू हयात निघाला, आणि केवळ रीत म्हणून धाडलेले अनावरणाचे निमंत्रण त्याने स्वीकारले.

लोक त्याला 'तोफ' म्हणत. पुतळ्याच्या मांड्या खांबासारख्या होत्या आणि उजवा पाय हवेत होता. रिक्षातून उतरलेला खरा खेळाडू, आता म्हातारा, पुतळ्याच्या जेमतेम कमरेपर्यंत येत होता. चौथऱ्यावर कोरले होते : 'अंतिम सामन्यातील अजरामर गोल'. हा गोल समितीच्या अध्यक्षांनी प्रत्यक्ष पाहिला होता, त्यांच्या मुलाने वडिलांकडून ऐकला होता आणि नातीने फोनवर ॲनिमेशनमध्ये बघितला होता. खात्रीचे प्रमाण याच क्रमाने वाढत गेले होते.

"अध्यक्षसाहेब, एक विनंती," म्हातारा म्हणाला. "पडदा ओढायच्या आधी इथं काडीचं नाव घाला."

"कोण काडी?"

"आमच्याच संघात होता. फटका त्याचा. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो होतो. चेंडू माझ्या पाठीवरून घसरून आत गेला. मान वर केली तर सगळे मलाच मिठ्या मारतायत! तेव्हा लाजून गप्प बसलो, तो आजवर. काडी आजारी आहे. तो बघा, शेवटच्या रांगेत बसलाय. डोळे मिटायच्या आत एकदा नाव वाचू दे त्याला."

समितीने जाळ्या ठेवायच्या खोलीत तातडीची बैठक बोलावली. म्हाताऱ्याला स्टुलावर बसवण्यात आले.

"तात्या, तुमचा गोंधळ होतोय," अध्यक्ष मायेने म्हणाले. "उजव्या पायाचा फटका होता. अर्ध्या मैदानातून."

"अहो, मी तिथं होतो!"

"होतात ना. पण चेंडू आत जाताना पाहिलात का?"

"पाठीला लागलेला चेंडू दिसेल कसा?"

"मिटलं की मग!" मुलगा म्हणाला. "तुम्ही नुसते हजर होतात. प्रत्यक्षदर्शी बाबा आहेत."

नातीने फोन पुढे केला. "आजोबा, तुम्हीच बघा. यात पाठ कुठाय?"

ॲनिमेशनमध्ये पाठ काढलेलीच नव्हती.

मतदान झाले. गोल उजव्या पायाने झाल्याचा ठराव एका मताच्या विरोधासह मंजूर झाला. विरोधी मत म्हाताऱ्याचे होते. पाठ त्याची स्वतःची असल्याने हितसंबंधाच्या कारणावरून ते बाद धरण्यात आले.

"आणि हे स्टेजवर बोलू नका हं," अध्यक्ष म्हणाले. "लोकांनी आयुष्य काढलंय त्या फटक्यावर."

"बोलणार. काडीसाठी बोलणार."

आता समितीपुढे इलाज उरला नाही. शिल्पकाराने पुतळ्यासाठी ज्याच्या मांड्यांची मापे घेतली होती, तो व्यायामशाळेचा प्रशिक्षक मांडवातच होता. वय तिशीचे. त्यालाच तोफ म्हणून स्टेजवर नेण्यात आले. त्याने उजवा पाय हवेत उचलताच मांडव दणाणला. "जरासुद्धा बदलला नाही गडी!" म्हणत एका निवृत्त तलाठ्याने चष्मा पुसला. आपल्या जन्माआधीचे ते दिवस नातीलाही आठवले. "आता असे खेळाडू होत नाहीत," ती म्हणाली.

खरा म्हातारा शेवटच्या रांगेत जाऊन काडीशेजारी टेकला.

"घातलं का रे माझं नाव?"

"नाही. माझंही गेलं."

काडीला हसता हसता खोकला लागला. "तरी ओरडत होतो, नाडी नीट बांधून ये म्हणून."

तोफेने त्याची पाठ चोळून दिली. "पण फटका काय बसला होता, काडी! अजून दुखतंय."

"खरं सांगतोस?"

"आईशप्पथ."

काडीने टोपी काढून केस नीट केले, जणू फोटोच काढायचा होता.

तेवढ्यात बिल्ला लावलेली एक बाई आली. "काका, उठा बरं. या खुर्च्या राखीव आहेत. ज्यांनी तो सामना मैदानात बसून पाहिला, त्यांच्यासाठी."

"आम्ही खेळलो होतो त्यात."

"खेळणाऱ्यांची सोय केलेली नाही."

दोघे एकमेकांना धरून उठले आणि निघून गेले.

त्या दोन खुर्च्यांवर अद्याप कोणी बसलेले नाही. एक आपली आहे. उजव्या पायाचा तो फटका आपण पाहिलाच होता. दुसरीवर आपल्या मुलाला बसवावे. त्याला तो आपल्याहून स्पष्ट आठवतो.