रिकाम्या खांद्याला सलाम

गेनबा हवालदारांची गोष्ट सांगा म्हटलं की मी वाळत घातलेल्या कोटाचा किस्सा सांगतो आणि तिथंच थांबतो. लोक हसतात. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आता हवालदार नाहीत आणि माझंही फार राहिलेलं नाही, म्हणून लिहितो.

किस्सा असा. भोरच्या आमच्या चौकीमागं दोरीवर फौजदारांचा कोट वाळत होता. हवालदार तिथून जाताना थांबले, टाचा जुळवल्या आणि कोटाला कडक सलाम ठोकला. फौजदार शेजारीच उघड्या अंगानं दात घासत होते. त्यांना नुसताच रामराम घातला. असं का, विचारलं तर म्हणाले, "आदी खांदा बगावा, मग तोंड."

संस्थानच्या पोलिसात त्यांची वडिलांपासूनची नोकरी. पूर्वी पोलिसाला नुसती काठी असायची, मग पट्टा आला, मग पितळी बिल्ला, हा इतिहास ते भेटेल त्याला ऐकवायचे. नसरापूरच्या बाजारात पकडलेल्या एका कोंबडीचोराला त्यांनी तो वाटभर ऐकवला. चौकीत पोचल्यावर चोर फौजदारांना म्हणाला, "साहेब, मला लवकर आत घाला." बिल्ला ते रोज चिंचेनं घासत. त्यांच्या आमटीत चिंच का नसते, हे सगळ्या चौकीला ठाऊक होतं.

मी नवा शिपाई होतो. सात यत्ता शिकलेला, म्हणून स्वतःला शहाणा समजणारा. एकदा गणवेशाचं बटण उघडं राहिलं म्हणून त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. ते माझ्या मनात होतं.

मग संस्थान विलीन झालं. पुण्याहून साहेब येणार आणि आमच्यातले कोण नव्या पोलिसात घ्यायचे ते ठरवणार, असं कळलं. हवालदार धास्तावले. वाचता येत नव्हतं, हुद्द्याच्या नव्या खुणा ठाऊक नव्हत्या आणि पोलिसाशिवाय दुसरं काही त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. ते माझ्याकडं आले. वयानं माझ्या बापासारखे, पण मला म्हणाले, "मास्तर, येवडं शिकवा."

मी शिकवलं. म्हणालो, आता स्वराज्य आहे, सगळं साधं. जेवढा साहेब मोठा, तेवढा खांदा मोकळा. तारे लावतात ते हाताखालचे. त्यांनी जरा विचार केला आणि मान हलवली. "बराबर हाय. मोट्या मानसाला खुना कशाला लागत्यात?"

साहेब यायच्या आदल्या दिवशी खरं सांगून टाकावं असं वाटलं होतं. पण चौकीतले दोघे-तिघे गंमत बघायला टपून बसले होते.

साहेब मोटारीतून उतरले. खांद्यावर तीन तारे. हवालदार त्यांच्या पुढ्यातून सरळ चालत गेले आणि फडक्यानं काच पुसणाऱ्या ड्रायव्हरला असा सलाम केला की त्याच्या हातातलं फडकं पडलं. सगळे हसले. मीही हसलो.

फक्त साहेब हसले नाहीत. हे कुणी शिकवलं, त्यांनी विचारलं. हवालदारांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, पण नाव घेतलं नाही. तेवढ्यानंच मी घाबरलो आणि पुढं झालो.

"साहेब, मी नीट सांगितलं होतं. यांच्या ध्यानात राहत नाही."

मला घेतलं. त्यांना घरी पाठवलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी वेल्ह्याकडं त्यांच्या गावी गेलो, खरं सांगायचं ठरवूनच. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी घोंगडी अंथरली, ताक दिलं. आता बाजारालाही एकटा जात नाही म्हणाले, वाटेत काय विसरेन त्याचा भरवसा नाही. बोलता बोलता चूल विझली का ते दोनदा उठून बघून आले. माणूस चांगला धडधाकट होता. डोक्यालाही काही झालेलं नव्हतं. ध्यानात राहत नाही असं मी म्हणालो होतो, म्हणून त्यांना ते खरं वाटत होतं.

मग त्यांनी हळूच विचारलं, "त्या दिशी सायेब तुमाला काय बोललं तर न्हाई ना?"

"नाही."

"तुमी बराबर शिकवलं व्हतं. म्याच उलटं धरलं. समद्यांसमूर तुमची मान खाली गेली माज्यापायी. माफी करा, मास्तर."

माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. मी ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"असू द्या, हवालदार," मी म्हणालो.