पार्श्वभूमीचं पारायण

“माणूस आपल्यापाशी बोलायला बसला का हातातलं काम खाली ठेवायचं, आन् मधात बोलायचं नाही,” असं शीलाच्या सासूबाई सांगून गेल्या. सांगून गेल्या म्हणजे खरोखरच गेल्या, तिसऱ्या दिवशी. पण जाण्याआधी त्यांनी सुनेकडून चातुर्मासाचा एक नेम कबूल करून घेतला होता: रोज एका माणसाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायचं, त्याशिवाय जेवायचं नाही. सासूबाई जुन्या वळणाच्या. ऐकणारा कुठून आला, काय शिकला, त्याला कोणी प्रमाणपत्र दिलं हे कळल्याशिवाय सांगणाऱ्याचं दुःख अधिकृत होत नाही, ही गोष्ट त्यांच्या कानावर आलीच नव्हती.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला ती कळली तेव्हा कापसाचा भाव पडला होता आणि समुपदेशनाचा चढला होता. पाहणीच्या गाड्या इतक्या यायच्या की काही गावांत गाडीचा धुरळा दिसला की माणसं आपणहून ओट्यावर रांगेनं बसत आणि चेहरा पाडत. याच सुमारास बंद पडलेल्या एका जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) कचेरीत ‘अंतरंग सामुदायिक समुपदेशन केंद्र’ उघडलं. जागा हवेशीर होती. दार तेवढं चौकटीत अडकायचं, त्याला रोज कोणी ना कोणी लाथ घालायचं. शीलाचं अक्षर चांगलं आणि आवाज मऊ, म्हणून तिला नोंदणीच्या टेबलावर घेतलं. तिला वाटलं, देवानंच सोय केली. बसल्या जागी नेम पार पडेल.

पहिल्याच महिन्यात एक प्रकार घडला. नेरहून आलेल्या एका गृहस्थानं अर्धा तास मन मोकळं केलं, डोळे पुसले, समोरच्याचे हात हातात घेतले. मागाहून कळलं, समोरचा माणूस पंखा दुरुस्त करायला आलेला होता. (गृहस्थ पूर्ण बरा होऊन घरी गेला, पण प्रश्न तो नव्हता.) संचालक मंडळाची तातडीची बैठक झाली आणि नियम सातवा जन्माला आला: आपण कोणापुढे मन उघडत आहोत हे जाणण्याचा प्रत्येक अभ्यागताला हक्क आहे, सबब सर्व समुपदेशक व प्रशिक्षणार्थी यांची पार्श्वभूमी त्यास प्रथम संपूर्ण वाचून दाखवावी, व ‘ऐकलं, समजलं’ या रकान्यात सही किंवा अंगठा घ्यावा.

वाचायचं काम शीलाकडे आलं.

नियम उत्तम होता, यात वाद नाही. एका अभ्यागताला पाऊण तास मिळायचा. सुरुवातीला वाचनाला सहा मिनिटं लागत. पण दर सहा महिन्यांनी प्रशिक्षणार्थींची नवी तुकडी यायची, आणि जुनी गेली तरी तिची पार्श्वभूमी केंद्राचा वारसा म्हणून वहीत राहायची. तिसऱ्या वर्षी वाचन एकेचाळीस मिनिटांवर आलं. उरलेल्या चार मिनिटांत सही, तारीख आणि पेन शोधणं.

वहीतला पहिला मान चंद्रशेखर सरांचा. प्रमुख समुपदेशक, त्याआधी कापूस खरेदी केंद्रावर एकतीस वर्षं ग्रेडर. गाडीत कोपरापर्यंत हात घालून मालाची प्रत सांगायचे, तीच नजर आता माणसांवर. दुःखाच्या त्यांनी चार प्रती पाडल्या होत्या: लांब धागा, मध्यम, आखूड आणि कवडी. (कवडी म्हणजे किडका, डागी कापूस, बायकांची बहुतेक दुःखं सर या प्रतीत टाकत.) रडणाऱ्या माणसाकडे बघून ते हळूच म्हणत, “ओलावा जास्त आहे,” आणि नोंद करत.

त्यानंतर मानद समुपदेशक निजामुद्दीनभाई. पस्तीस वर्षं ऑईल इंजिन आणि पंपाची दुरुस्ती. नुसता आवाज ऐकून बिघाड सांगण्याची ख्याती. केंद्रातला ऐकण्याचा खरा अनुभव एवढाच, म्हणून त्यांना वहीत दोनच ओळी होत्या.

मग प्रशिक्षणार्थी. पुण्याच्या कुमारी भैरवी: ग्रामीण जीवनाची लहानपणापासून ओळख (मामाचं गाव होतं, मामा तिथे राहत नसे). नागपूरचे क्षितिज: कापूस प्रश्नाचा सखोल अभ्यास (कापसाच्या धुळीनं शिंका येत, त्यामुळे अभ्यास खिडक्या लावून). भैरवीचा प्रबंध ‘आपत्तिग्रस्त पुरुषांचे मौन’ या विषयावर होता आणि तिला निदान एक पूर्ण गप्प पुरुष हवा होता.

लोकांचा प्रतिसाद अपेक्षेबाहेर होता. वही लाल कापडात बांधलेली, वाचणारी बाई कुंकू लावलेली, आवाज मऊ. लोक दाराशी चपला काढायला लागले. काही हात जोडून बसत. क्षितिजचा अध्याय संपला की एक आजी पदरानं डोळे टिपायच्या. त्यांनी एकदा नारळ आणला आणि समाप्तीला विचारलं, “बाई, प्रसाद कोनता करता?” शीलाला नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवसापासून ती घरून डब्यात साखर-फुटाणे आणू लागली. (वार्षिक अहवालात हे ‘लोकसहभाग’ या शीर्षाखाली आहे.)

त्याच अहवालाप्रमाणे वर्षभरात दोनशे बारा जणांनी पार्श्वभूमी ऐकली. त्यांपैकी एकोणीस जण काही बोलले. एकोणिसांतले अकरा जण “पाणी मिळेल काय?” असं बोलले. निष्कर्ष: एक्याण्णव टक्के अभ्यागतांना नुसत्या पार्श्वभूमीनंच इतका आराम पडतो की बोलण्याची गरज उरत नाही.

शीलाची मात्र पंचाईत झाली. दिवसभर तिचंच सगळे ऐकायचे, तिला कोणी ऐकवायचं नाही. समुपदेशन केंद्रात आठ तास बसून ती नेम पुरा करायला भाजीबाजारात जायची. तिथं सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकणारी सुग्राबी सुनेबद्दल सलग वीस मिनिटं बोलायची, तेव्हा कुठे शीलाच्या पोटात अन्न जायचं.

आश्विनातल्या एका गुरुवारी भीमसिंग आला. पन्नाशीचा, तांड्यावरचा, पांढरं धोतर, हात मात्र लोखंडाचे. आल्या आल्या त्यानं दार गुडघ्यानं किंचित वर उचललं आणि आवाज न करता लावलं. तीन वर्षांत ते दार असं कोणाला लावता आलं नव्हतं. शीला बघत राहिली. भीमसिंग चपला काढून बसला, पूर्ण एकेचाळीस मिनिटं ऐकलं, अंगठा दिला, फुटाणे घेतले, गेला.

दुसऱ्या गुरुवारीही तसंच. (नियमाप्रमाणे प्रत्येक भेटीला वाचन नव्यानं करायचं, मधल्या काळात पार्श्वभूमी वाढलेली असू शकते.) जाताना तो एवढंच म्हणाला, “बाई, तुमचा घसा बसून राह्यला. पानी पेत जा.”

“दार कसं काय लावलं भाऊ तुम्ही?” शीलानं विचारलं.

“बावीस सालं लावलं ना. इथंच गाठी बांधायच्या प्रेसवर होतो म्या. जिनिंग बंद झाली तवा शेवटचं बी म्याच लावलं.”

शीलानं ते लिहून घ्यायला अभ्यागतांचं रजिस्टर उघडलं. त्यात नाव, गाव आणि अंगठा एवढेच रकाने होते. अभ्यागताला पार्श्वभूमी असते ही कल्पना मंडळापुढे कधी आलीच नव्हती.

तिसऱ्या गुरुवारी भीमसिंगाची बायको बरोबर होती. त्याला आत बसवून ती टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, “बाई, घरात तं यक शबुद नाही बोलत. पोरायशी नाही, माह्याशी नाही. दिवसभर घराचं दार लावते आन् उघडते. मले भेव लागून राह्यलं.” कसलं भेव ते तिनं सांगितलं नाही. त्या वर्षांत जिल्ह्यात ते कोणाला सांगावं लागत नसे.

पण त्याच दिवशी मुंबईहून मूल्यमापन समिती आली होती. तिच्या सोयीसाठी वेळ दुप्पट करून वाचन एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत झालं. दोन्ही संपल्यावर भीमसिंगानं तोंड उघडलं. घसा खाकरला. “बाई, माहं काही मोठं नाही,” तो म्हणाला, “दोनच गोष्टीचं आहे,” आणि वेळ संपल्याची घंटा झाली. समितीनं टाळ्या वाजवल्या. भैरवीचा जीव भांड्यात पडला.

भीमसिंग उठला. शीला टेबल सोडून त्याच्या मागे दारापर्यंत गेली. “भाऊ, पुढच्या गुरुवारी मी येते तुमच्याकडे. वही नाही आणत. तुम्ही सांगाल तेवढं ऐकते. पण तोवर...”

“येसान?”

“येते. माझ्या सासूबाईंची आण आहे.”

त्यानं मान डोलावली, दार उचललं आणि लावलं.

केंद्राबाहेर जायचं म्हणजे गृहभेट, आणि गृहभेटीला मंजुरी लागते. शीला सरांपुढे उभी राहिली.

“गृहभेटीला समुपदेशकच जाऊ शकतो, शीलाताई,” सर म्हणाले. “तुमची पार्श्वभूमी काय? दीडशे शब्दांत लिहून द्या. यवतमाळला पाठवतो, नव्वद दिवसांत उत्तर येतं.”

शीलानं दोन दिवस खपून अर्ज भरला. शिक्षण: बी.ए.चं दुसरं वर्ष. प्रशिक्षण: नाही. अनुभव: ऐकते. संदर्भ: सासूबाई (हयात नाहीत).

सरांनी कागद उजेडात धरला, दोन बोटांत चोळून पाहिला. “ऐकणं हा अनुभव नव्हे हो, ती सवय झाली. आखूड आहे. यात धागाच नाही.”

“सर, मग भैरवीला तरी पाठवा.”

“मी नाही जाणार,” भैरवी घाईनं म्हणाली. “म्हणजे जाईन, ताई, पण मार्चनंतर. प्रबंध होईपर्यंत ते बोलले नाहीत तर फार बरं होईल. इतकं शुद्ध मौन मिळत नाही हो!”

कोपऱ्यात निजामुद्दीनभाई चष्मा पुसत होते. “बेटी,” ते भैरवीला म्हणाले, “इंजिन खडखड करते तोवर मी आरामात चाय पीतो. आवाज बंद झाला का धावत जातो. तुमच्या पुस्तकात उलटं लिवलं आहे काय?” सरांनी हे वाक्य भाईंच्या पार्श्वभूमीत घालायची सूचना केली. त्यामुळे वाचन अर्ध्या मिनिटानं वाढलं.

गुरुवार उजाडला. शीलानं देवापुढे दिवा लावला, नेमाप्रमाणे काही न खाता केंद्रावर आली. बाकावर सात अभ्यागत हात जोडून बसले होते. तिनं वहीचं कापड सोडलं, पहिलं पान काढलं आणि वही पुन्हा मिटली. लाल कापडाची गाठ मारली. साखर-फुटाण्यांचा डबा बाकावर ठेवला.

“शीलाताई, वाचन?” आतून सरांचा आवाज आला. “मंजुरी आली का तुमची?”

“नाही सर,” ती मऊ आवाजात म्हणाली.

निजामुद्दीनभाई खुर्ची ओढून बाकासमोर येऊन बसले. “पुसदची गाडी पकड,” ते म्हणाले, “तांड्याच्या फाट्यावर उतर. इथं मी बसतो. चला बाप्पा, कोन बोलते आधी? वाचता तं मले येतच नाही.”

आता वाचकांना एक विनंती. आपणही शीलापासून भैरवीपर्यंत सर्वांची पार्श्वभूमी सविस्तर वाचली आहे. भीमसिंगाच्या त्या दोन गोष्टी कोणत्या, हे मध्ये कुठे थांबून आपण विचारलं नाहीत, याबद्दल केंद्र आपलं आभारी आहे. नियम सातवा यालाच म्हणतात. रजिस्टर टेबलावर उघडं आहे. ‘ऐकलं, समजलं’ या रकान्यात पुढची ओळ आपली. पेन दोऱ्यानं बांधलेला आहे.

शीला तुमच्या सहीसाठी थांबलेली नाही. तिनं पदर खोचला, दार गुडघ्यानं जरासं वर उचललं, आवाज न करता मागे लावलं, आणि स्टँडच्या रस्त्याला लागली.