मल्लिनाथकाकांचा थर्मास

आमच्या शेजारच्या मल्लिनाथकाकांनी सोलापूरबाहेरच्या कुठल्याही गोष्टीला आजवर चांगलं म्हटलेलं नाही. त्यांना समुद्र दाखवा. कमरेवर हात ठेवून ते एकदा नीट बघतील आणि म्हणतील, "आमच्याकडं तलाव हाय की!"

मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीची सहल कोकणात निघाली. रात्री बसमध्ये बसायचं, दिवसभर गाईडबरोबर गरम पाण्याची कुंडं आणि पुरातन देवळांचे अवशेष बघायचे, रात्री परत.

पूर्वी अशा सहलीला सगळ्यांत आधी बसमध्ये चढायच्या त्या काकू. खिडकी त्यांची, मांडीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा, आणि घाट लागला की अख्ख्या बसला लिंबाच्या फोडी. काय मजा यायची! पण दोन वर्षं झाली, गुडघ्यांनी त्यांना उंबऱ्याच्या आत बसवलंय. "तुमी जावा, आल्यावर सांगा मला," म्हणत त्यांनीच काकांना पिटाळलं होतं.

खिडकीच्या जागेवर काकांनी एक रिकामा थर्मास ठेवला होता. मी तो उचलून बसायला गेलो, तर म्हणाले, "मागं बस की. तू बसलास तर आमी दोघं कुटं मावायचं?" माझ्या आकाराबद्दल गल्लीत दुमत नाही. मी मागं गेलो.

देवळात गाईडनं मंडपाचं छत दाखवलं. दगडात कोरलेलं भलंमोठं कमळ, पाकळीन् पाकळी वेगळी. आम्ही 'वा' म्हणायच्या आत काका बोलले, "आमच्या सोलापुराजवळ, कुडल संगमला हाय की!"

शेजारच्या कुंडात मी मोठ्या ऐटीत पाय सोडले आणि ऐट तिथंच ठेवून बाहेर काढले. काका हसले. "मे महिन्यात आमच्या टाकीतनं हेच पाणी येतंय की! तेबी घरबसल्या."

गाईडनं हात जोडले. "काका, मग आलात कशाला इतक्या लांब?"

काकांनी थर्मास काखेत मारला आणि ते कुंडाच्या कडेनं चालू लागले.

निघायच्या वेळी काका दिसेनात. शोधत गेलो, तर मंडपातल्या थंडगार फरशीवर उताणे पडलेले. छातीवर भरलेला थर्मास, कानाला फोन, डोळे छतातल्या कमळावर.

"काय न्हाय गं," ते सांगत होते. "पडके दगड हायत नुसते. सगळं आपल्याकडं हाय. तू आली न्हाईस तेच बरं झालं."

मी पाय न वाजवता मागं फिरलो. माझ्या आकाराला ते सोपं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, काकांनी बसमध्ये मला दिलेला भाकरीचा डबा परत द्यायला गेलो. काका स्वयंपाकघरात, वाटेत गार झालेलं कुंडाचं पाणी पातेल्यात तापवत होते. काकू बाहेर खुर्चीत, गुडघ्यांवर ओल्या टॉवेलच्या घड्या. त्यांनी खुणेनं मला जवळ बोलावलं.

"हे म्हणत्यात, तितं बघण्यासारखं काय न्हवतं," त्या कुजबुजल्या. "म्हणजे लई छान असणार, व्हय की न्हाय रे?"

मला ते कमळ आठवलं. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"छे हो काकू," मी जरा मोठ्यानंच म्हणालो. "सगळं आपल्याकडं आहे की!"

"तूबी ह्यांच्यातलाच," काकू म्हणाल्या आणि टॉवेलची घडी गुडघ्यावर नीट बसवत हसल्या.