हौश्याची पैज

"आमच्या देशात एकच भाषा," कापूस घ्यायला अमरावतीत आलेला गोरा साहेब म्हणाला आणि दुभाष्या उत्तमरावानं ते मराठीत सांगितलं. "तुमच्याकडं नुसता गोंधळ."

गाडीभर कापूस विकायला आणलेल्या खुशालरावाला ते झोंबलं. "गोंधळ नाही सायेब, शिरीमंती! मराठी, हिंदुस्थानी अन् तुमची इंग्रजी सोडून याच बाजारात पाच भाषा ऐकवतो."

"नाही ऐकवल्या तर तुझा पांढरा बैल माझ्या दमणीला जुंपीन," साहेबानं पैज लावली.

"कबूल!"

गाडीतल्या कापसावर बसलेली त्याची बायको सुभद्रा ताडकन उठली. "आवो, हौश्या माह्या बापानं देल्ला. तुमी कोन त्याले पैजेवर लावनारे?"

पण खुशालराव मारवाडी शेठच्या दुकानात पोचला होता. "शेठ, जरा तुमच्या भाषेत बोला."

"काहून राजेहो? मी का परका हावो?" शेठ दुखावला.

कच्छी तेलवाला म्हणाला, "माहा जलम इथंच गेला ना बाप्पा!" तेलंगी गवंडीही वऱ्हाडीच बोलला, आणि बैलांवर मीठ लादून आलेला बंजारा तर खुशालरावापेक्षा झणझणीत. ज्याला त्याला आपल्या वऱ्हाडीचा तोरा. तिकडं साहेब हौश्याची शिंगं निरखू लागला.

सुभद्राचं डोकं फिरलं. तिनं दावं सोडलं. "चाल रे हौश्या, आपुन घरी जाऊ."

हौश्याच्या नाकात मात्र मघापासून शेठच्या दुकानातल्या सरकीचा वास भरला होता. त्यानं एकच हिसडा दिला आणि थेट पोत्यात तोंड घातलं.

पोतं फाटलं तसा शेठ वऱ्हाडी विसरला आणि मारवाडीत बोंबलत काठी घेऊन धावला. हौश्या उधळला तो कच्छ्याच्या तेलाच्या बुधल्यांवर. कच्छ्यानं कपाळ बडवत कच्छी सुरू केली. तेलावरून गवंडी घसरला, तो तेलंगीत ओरडत मिठाच्या गोण्यांवर आदळला. मीठ मातीत गेलेलं पाहून बंजाऱ्यानं आपल्या गोरमाटी बोलीत सगळ्यांचाच उद्धार केला.

"मोजा सायेब, मोजा!" खुशालराव नाचू लागला.

"चार," साहेब थंडपणे म्हणाला आणि त्यानं हौश्याचं दावं पकडलं. "पाचवी नाही. बैल माझा."

हौश्याला परका हात आवडला नाही. त्यानं मान झटकली आणि साहेब तेला-मिठाच्या चिखलात उताणा पडला. पडता पडता त्याच्या तोंडून घशातून घरघरत काहीतरी लांबलचक बाहेर पडलं.

"इंग्रजी तं धराची नाही," खुशालराव रडवेला झाला.

उत्तमराव आ वासून उभा होता. "राजेहो, इंग्रजी मले येते. हे इंग्रजी नोहे."

साहेब उठून बसला. कानापर्यंत लाल झाला होता. हळूच काहीतरी बोलला.

"मायची भाषा हाये म्हन्ते," उत्तमराव म्हणाला. "तिकडच्या डोंगरातली. इंग्रजी त्याले शाळेत शिकवली, छड्या मारू मारू."

"म्हंजे यायच्या मुलकात बी एक नाही!" खुशालराव उसळला.

"पाच झाल्या," सुभद्रानं दावं हातात घेतलं.

"पन वैनी, ते तं तिकडची!" उत्तमराव म्हणाला.

"निंगाली कुठी? आमच्या बाजारात. आमचीच धरा."

उत्तमरावानं हे साहेबाला सांगितलं. साहेब पोट धरून हसला. उठून त्यानं हौश्याची मान खाजवली आणि त्याच आईच्या भाषेत त्याच्याशी काहीतरी बोलला. हौश्या कान टवकारून निमूट ऐकत राहिला.

"त्याले समजलं असन काय वं?" खुशालरावानं विचारलं.

"समजन नाही तं काय," सुभद्रा म्हणाली. "वऱ्हाडातला बैल हाये."